मध्ययुगीन दृश्यसंस्कृती : अभ्यासाच्या नव्या पद्धती (सोलापूर परिसराच्या संदर्भात)

मूर्ती, मंदिरे, मशिदी, चर्च, हस्तलिखिते, शिलालेख, वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), यात्रेतल्या काठ्या व ध्वज अशा, मध्ययुगात लोकांच्या डोळ्यांसमोर आणि हाताखाली असलेल्या वस्तूंचा एकत्रित अभ्यास म्हणजे दृश्यसंस्कृतीचा अभ्यास. वस्तू कोणत्या राजवटीत, कोणत्या शैलीत घडली, मूर्तीची लक्षणे ग्रंथांशी जुळतात का, एवढ्यावर जुना कलेतिहास बहुतेक वेळा थांबे. गेल्या चार दशकांत त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : घडल्यानंतर त्या वस्तूचे काय झाले? तिला कोणी हात लावला, कोणी ती हलवली, कोणी पुन्हा वापरली?

जुन्या पद्धतीची मर्यादा सोलापूर जिल्ह्यात ‘हेमाडपंती’ या शिक्क्यावरून कळते. चुन्याशिवाय रचलेले दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती ठरवून लोक मोकळे होतात. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील मराठी शिलालेख मात्र शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटी लेख वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद आहे. म्हणजे लेख कोरून घेणाऱ्याने पुढच्या वाचकाचाही विचार केला होता. येथेच सापडलेले बहुमुखी शिवलिंग नेहमीच्या चतुर्मुख-पंचमुख वर्गवारीत बसत नाही. अशा वेळी ग्रंथ बाजूला ठेवून स्थानिक उपासनेकडे पाहावे लागते.

जर्मन अभ्यासक हान्स बेल्टिंग यांनी १९९० मध्ये मांडले, की प्रबोधनकाळापूर्वीची युरोपातली प्रतिमा ही आधी पूजेची वस्तू होती. ‘कलाकृती’ ही तिची ओळख नंतरची. मूर्तीला स्नान, पोशाख, नैवेद्य आणि शेजारती रोज पाहणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हे पटवून द्यावे लागत नाही. भारतीय मूर्तींचा असाच ‘जीवनक्रम’ रिचर्ड डेव्हिस यांनी मांडला.

या दृष्टीने पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील चौऱ्याऐंशीचा शिलालेख फार मोलाचा आहे. रामदेवराव यादवाच्या काळात, शके ११९५ पासून, मंदिराला मिळालेल्या देणग्यांची नोंद त्यावर आहे. पुढे या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठींनी अक्षरे झिजवली. लिपितज्ज्ञाला ही हानी वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण ती झीज भाविकांनी मागे ठेवलेला दुसरा लेखच आहे. त्यांची नावे कोणत्याच दानपत्रात नाहीत. युरोपात कॅथरीन रूडी यांनी २०१० मध्ये नेमके हेच हस्तलिखितांवर करून दाखवले : प्रार्थनापोथ्यांच्या कडांवरचा मळ उपकरणाने मोजला आणि कोणती पाने जास्त हाताळली गेली ते काढले.

घडवणाऱ्या हातांचा शोधही आता प्रयोगशाळेत लागतो. जर्मनीतील डालहाइम येथे पुरलेल्या, अकराव्या-बाराव्या शतकातल्या एका स्त्रीच्या दातांवरील किटणात निळ्या राजावर्ताचे (लॅपिस लाझुली या दगडाचे) कण सापडले. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या काळी हा दगड अफगाणिस्तानातून येई आणि त्याचा रंग अत्यंत महाग असे. ती पोथ्या रंगवत असावी आणि कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करत असावी, हा संशोधकांना सर्वांत संभाव्य वाटलेला निष्कर्ष. पोथ्या रंगवणारे म्हणजे पुरुष भिक्षूच, या समजाला त्याने मोठा धक्का दिला.

पुनर्वापराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात जुन्या मंदिराचे अवशेष आहेत आणि बांधकामात कोरीव दगड बसवलेले दिसतात. असा प्रत्येक दगड विध्वंसाचा पुरावा मानायचा, की निव्वळ हाताशी असलेला माल? इतिहासकार रिचर्ड ईटन व फिलिप वॅगनर यांनी तिसरी शक्यता दाखवली : विजापूरच्या अर्ककिल्ल्याच्या (शहराच्या आतल्या बालेकिल्ल्याच्या) दरवाजात पूर्वीच्या चालुक्य राजांच्या काळातले खांब मुद्दाम बसवले गेले, कारण चालुक्यांच्या वारशाला दख्खनमध्ये तेव्हाही मान होता. सोलापूरच्या किल्ल्याला हे जसेच्या तसे लावू नये. निजामशाही आणि आदिलशाहीत हा किल्ला अनेकदा हातबदल झाला, चाँदबिबीच्या लग्नात तर आंदण म्हणून गेला. त्यामुळे प्रत्येक दगडाची जागा आणि थर स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अवकाश आणि मिरवणूक हा आणखी एक विषय. सोलापूरचे ग्रामदैवत मानले जाणारे बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर यांनी शहरात स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या (तेलाने स्नान घालण्याच्या) दिवशी नंदीध्वजांसह, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांसह, तैलाभिषेक होतो. प्रत्येक लिंग सुटे पाहिले तर शिल्प म्हणून फारसे काही सांगत नाही. मिरवणुकीच्या वाटेसह पाहिले तर शहराचा जुना नकाशा हाती येतो.

साधनेही बदलली आहेत. झिजलेल्या अक्षरांवर तिरपा प्रकाश टाकून अनेक छायाचित्रे घेतली की नुसत्या डोळ्यांना न दिसणारे वळण उमटते. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी केलेले पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे लेसर मोजमाप २०१९ च्या आगीनंतर पुनर्बांधणीच्या कामी आले. गावोगावच्या वीरगळांसाठी मोबाइलच्या छायाचित्रांतून त्रिमितीय प्रत बनवणे हा सर्वांत परवडणारा मार्ग. जीर्णोद्धाराच्या उत्साहात वीरगळ ऑइलपेंटने रंगवले जातात, शेंदराचे जुने कवच खरवडून टाकले जाते किंवा देवळाच्या भिंती वाळूच्या फवाऱ्याने घासल्या जातात. त्यात पूजेचा, स्पर्शाचा आणि कधी मूळ रंगाचाही पुरावा जातो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी मूळ जागा, दिशा, शेंदराचे थर आणि गावातली पूजेची रीत नोंदवणे हे क्षेत्रकार्याचे पहिले काम ठरते.