प्रॉडक्शन डेटाबेसच्या पासवर्डांची सुरक्षा

ग्राहकांची खरी माहिती ज्या डेटाबेसमध्ये असते, त्याचे पासवर्ड व ॲक्सेस की (प्रोग्रामला प्रवेश देणारे गुप्त संकेत) कोणाकडे असाव्यात, कुठे ठेवाव्यात आणि केव्हा बदलाव्यात, हे ठरवणारी सॉफ्टवेअर टीममधील कार्यपद्धती.

पासवर्ड फुटण्याची नेहमीची वाट म्हणजे सोर्स कोड. घाईत कॉन्फिग फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) लिहिलेला पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कमिट होतो, म्हणजे कायमचा नोंदला जातो. पुढे ती ओळ काढली, तरी गिटच्या इतिहासात ती शिल्लक असते आणि क्लोन केलेल्या (उतरवून घेतलेल्या) प्रत्येक प्रतीत जाते. अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा. इतिहास साफ करणे नंतरचे काम. हा क्रम उलटा झाला, तर साफसफाई चालू असेपर्यंत फुटलेला पासवर्ड चालतच राहतो.

रिपॉझिटरी, म्हणजे गिटमधील कोडचा साठा, खाजगी आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या इंजिनिअरांच्या, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील खाजगी रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना ॲमेझॉन क्लाउडची ॲक्सेस की मिळाली आणि जगभरच्या ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. उबरने त्यांना १ लाख डॉलर दिले आणि नोव्हेंबर २०१७ पर्यंत हा प्रकार जाहीर केला नाही; २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी १४.८ कोटी डॉलरवर तडजोड झाली. टोयोटाच्या टी-कनेक्ट या गाडी इंटरनेटशी जोडणाऱ्या सेवेचा काही कोड डिसेंबर २०१७ पासून गिटहबवर चुकून सार्वजनिक राहिला होता. त्यात डेटा सर्व्हरची की होती, आणि हे सप्टेंबर २०२२ मध्ये लक्षात आले. या जवळपास पाच वर्षांत ती की एकदा जरी बदलली असती, तर धोका कितीतरी कमी झाला असता.

पासवर्ड कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम चालताना सिस्टिमकडून त्याला मिळणाऱ्या मूल्यात) ठेवणे ही किमान काळजी. मात्र तिथूनही तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कामकाजाच्या नोंदींत, उमटू शकतो. हॅशिकॉर्प व्हॉल्टसारखी साधने (२०१५ पासून) मागणीनुसार ठरावीक मुदतीचे डेटाबेस खाते तयार करून देतात आणि मुदत संपली की ते रद्द करतात. कायमचा पासवर्ड माणसांच्या हाती राहतच नाही, हा त्यांचा मोठा फायदा. याउलट संपूर्ण टीमसाठी एकच ॲडमिन खाते असेल आणि त्याचा पासवर्ड चॅटवर फिरत असेल, तर एखादे टेबल कोणी पुसले याचा छडा लागत नाही, आणि नोकरी सोडून गेलेल्यांकडेही किल्ली राहते. रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो.

भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार माहिती फुटण्याची अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.