शेतवास्तूंचे वारसा-मूल्यांकन

शेतावरची जुनी कोठारे, गोठे, मळणीघरे, वैरणीचे माळे, सायलो (चारा किंवा धान्य साठवण्याचे उंच, बंद मनोरे) अशा कामाच्या इमारतींना ऐतिहासिक वास्तू म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे का, हे ठरवण्याची पद्धत. वारशाच्या कसोट्या मुळात चर्च, राजवाडे आणि स्मारके डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. कोठार मात्र पीक भिजू नये म्हणून बांधलेले असते. पुढे पीक बदलले, दुभती जनावरे आली, यंत्रे आली, तसे ते मालकानेच फोडले, वाढवले, उंच केले. त्यामुळे वय किंवा देखणेपणा यांवर फारसा वाद होत नाही. झालेले बदल हा दोष धरायचा की पुरावा, यावर होतो.

वयाची अट ही पहिली चाळणी आहे. अमेरिकेत १९६६च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याखाली ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ ही यादी ठेवली जाते आणि तीत साधारणपणे ५० वर्षांहून जुन्या वास्तू घेतल्या जातात. इंग्लंडमध्ये १७०० पूर्वीच्या ज्या इमारतींचा मूळ भाग बऱ्यापैकी शिल्लक आहे त्या बहुतेक सगळ्या, १७०० ते १८५० मधल्या बऱ्याचशा आणि त्यानंतरच्या निवडक इमारती संरक्षित यादीत घ्याव्यात, असा संकेत आहे. स्पेनने १९७३ मध्ये वेगळीच वाट धरली: गॅलिसिया आणि अस्तुरियास प्रांतांतील ‘ओर्रेओ’, म्हणजे उंदीर आणि ओल लागू नये म्हणून दगडी खांबांवर उचललेली धान्यकोठारे, शंभर वर्षांहून जुनी असतील तर एका हुकुमाने सरसकट संरक्षित केली. सरसकट नियमाने छाननीचे श्रम वाचतात. पण आज साधे वाटणारे पुढे दुर्मीळ होते, हे तो ओळखत नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत उभे राहिलेले निळे पोलादी सायलो आता पन्नाशी कधीच ओलांडून बसले आहेत. त्यांना वारसा म्हणायला मात्र फारसे कोणी धजत नाही.

वयानंतर महत्त्व पाहतात. अमेरिकेच्या यादीत त्याचे चार आधार आहेत: इतिहासातील घटना किंवा व्यापक प्रवाह, एखादी महत्त्वाची व्यक्ती, बांधणीचे वैशिष्ट्य आणि पुढील संशोधनाला मिळू शकणारी माहिती. शेतवास्तू बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या आधारावर बसतात. ‘अमुक पुढाऱ्याच्या आजोबांचा गोठा’ हा अर्जांत हौसेने मांडला जाणारा युक्तिवाद सर्वांत लंगडा असतो. बांधणीचा पुरावा जास्त बोलका. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात क्रेसिंग टेंपल येथे टेंपलर सरदारांच्या (मध्ययुगातील ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या) जमिनीवर तेराव्या शतकातील दोन लाकडी कोठारे उभी आहेत. त्यांचा काळ कागदपत्रांपेक्षा तुळयांमधील वृक्षवलये मोजूनच जास्त नेमका ठरला. लाकडात खाच पाडून बसवलेले आणि खुंटी ठोकून पक्के केलेले सांधे, कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा, सुताराने जोडणीसाठी खोदलेले आकडे, समोरासमोरचे दोन मोठे दरवाजे (मधल्या जमिनीवर मळणी आणि दारांतून येणाऱ्या वाऱ्यावर उफणणी), हे सगळे जाणकाराला वाचता येते.

तिसरी पायरी अखंडतेची, म्हणजे मूळ रूप किती टिकले याची, आणि खरी कुस्ती इथेच. अमेरिकी नियमांत अखंडतेची सात अंगे मानली आहेत: स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव (त्या काळाची जाणीव) आणि संबंध (घटना किंवा व्यक्तीशी असलेले नाते). ही अंगे ताणून लावली तर जवळजवळ एकही वापरातले कोठार टिकणार नाही. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, पश्चिमेकडचा स्वस्त गहू न्यूयॉर्ककडे येऊ लागला आणि पूर्वेकडचे शेतकरी हळूहळू दूधधंद्याकडे वळले. अनेकांनी मळणीची जुनी कोठारे उचलून दगडी तळघरावर बसवली आणि खाली गाई बांधल्या. १८६७ मध्ये आयोवातील विल्यम लाउडन यांनी रुळावरून गवत वाहून नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अशी यंत्रे पसरली तसा गवताचा माळा उंच झाला आणि छताचे टोक दाराबाहेर आले. १९२४ मध्ये दुधाच्या स्वच्छतेची आदर्श नियमावली आली. त्या काळात धुता येईल अशी काँक्रीटची जमीन आणि दुधासाठी वेगळी खोली हे चांगल्या गोठ्याचे लक्षण ठरत गेले. मूळ लाकडी जमीन गेली म्हणून असे कोठार नाकारणारा परीक्षक दूधधंद्याचा इतिहासच नाकारत असतो. मॅसॅच्युसेट्समधील हँकॉक येथे शेकर या ख्रिस्ती पंथाने १८२६ मध्ये बांधलेला गोल दगडी गोठा सगळ्या पुस्तकांत झळकतो. तोही १८६४च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला आणि नंतर माथ्याशी बदललेला आहे.

म्हणून प्रत्येक बदलाला दोन प्रश्न विचारावे लागतात: तो शेतीच्या कामासाठी झाला का, आणि त्यामागची मूळ चौकट अजून वाचता येते का? तळघर, काँक्रीट, जोडलेला गोठा यांची उत्तरे सहसा होकारार्थी येतात. लग्नसमारंभासाठी भिंती काढून काचा बसवल्या असतील तर पहिल्याच प्रश्नाला नकार मिळतो. पत्र्याच्या छताचे उत्तर या दोन्हींच्या मधे येते. कौले गेली तरी त्याच पत्र्याने खालच्या तुळया वाचवलेल्या असतात.

एकेकटी इमारत पाहून निर्णय घेणे अनेकदा चुकते. घर, विहीर, कोठार, कणगी, कुंपण आणि शेताचे बांध मिळून शेतवस्ती होते. वायोमिंगमधील ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातील मॉर्मन रो या वस्तीतली कोठारे स्थापत्य म्हणून साधीच आहेत, पण १९९७ मध्ये यादीत नोंदली गेली ती संपूर्ण वस्ती. उलट मेरीलँडच्या दक्षिण भागात तंबाखू सुकवण्याची शेकडो कोठारे होती. वारा खेळावा म्हणून त्यांच्या भिंतींच्या उभ्या फळ्या बिजागरीवर उघडत. राज्याने शेतकऱ्यांना मोबदला देऊन तंबाखू सोडायला लावले आणि इमारतींचे कामच संपले. एका संपूर्ण प्रकारालाच धोका आहे हे ओळखून २००४ मध्ये त्यांना देशातील सर्वाधिक धोक्यातील ११ वारसास्थळांच्या यादीत घातले गेले.

संरक्षण म्हणजे नेमके काय, याविषयी गैरसमज भरपूर आहेत. नॅशनल रजिस्टरमधील नोंद खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने कोठार पाडण्यापासून अडवत नाही, आणि १९८० च्या दुरुस्तीनंतर मालकाचा विरोध असेल तर खासगी वास्तू यादीत घेताही येत नाही. बंधन येते ते शहराच्या किंवा तालुक्याच्या स्थानिक लँडमार्क (महत्त्वाच्या वास्तू जपण्याच्या) नियमाने. इंग्लंडमध्ये मात्र यादीत नाव गेले की परवानगीशिवाय वास्तूचे स्वरूप बदलणे हा गुन्हा ठरतो. शेतकरी विरोध करतो तेव्हा त्याला इतिहासाचे वावडे असते असे नाही. मोठा ट्रॅक्टर जुन्या दारातून आत जात नाही, आणि ज्या इमारतीतून एक रुपयाही मिळत नाही तिचे छत शाकारण्याचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो.

नुसत्या नोंदीने छत गळायचे थांबत नाही, हे हार्मंड्सवर्थच्या कोठाराने दाखवले. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळचे हे १४२६ मधले सुमारे ५८ मीटर लांबीचे कोठार सर्वोच्च म्हणजे पहिल्या श्रेणीत असूनही दुर्लक्षित पडले होते. पुढे इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेने विकत घेतल्यावर त्याची नीट दुरुस्ती झाली. न्यू हँपशायर राज्याने यासाठी व्यवहारी तोड काढली आहे. किमान ७५ वर्षांची शेतवास्तू निदान १० वर्षे जपण्याचा करार मालकाने केला, तर तिच्या करआकारणीत २५ ते ७५ टक्के सूट गाव देऊ शकते. मालक स्वतः पुढे येतो, म्हणून ही तोड बंदीपेक्षा बरी.

जागेवर टिकवणे अशक्य झाले की इमारत हलवण्याचा प्रस्ताव येतो. हलवलेल्या वास्तू अमेरिकेच्या यादीत साधारणपणे बसत नाहीत, कारण स्थान आणि परिसर ही दोन अंगे जातात. बांधणीच मोलाची असेल तर अपवाद होतो. तेही जमले नाही, तर पाडण्याआधी मोजमापांचे आराखडे आणि छायाचित्रे घेतात. १९३३ मध्ये सुरू झालेल्या ‘हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे’ने ही पद्धत रुळवली, आणि तिचे आराखडे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही पाहता येतात.