सिंहस्थ संपला की नाशिकला काय उरतं?

‘सिंहस्थाचा सगळा पैसा मांडवात आणि पत्र्यांत जातो, साधू गेले की शहर होतं तसंच राहतं,’ हे नाशकात वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. आजच्या नाशिकचा बराचसा आराखडा सिंहस्थानेच ठरवलाय.

वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर. ही परंपरेची विभागणी. पण तिच्यामुळे सुमारे तीस किलोमीटरवरच्या दोन गावांचं नियोजन एकत्र करावं लागतं आणि त्र्यंबक रस्ता रुंद होतो. तपोवनात साधुग्रामासाठी जागा राखून ठेवावी लागते. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०१५ च्या सिंहस्थात गर्दी रामकुंडापासून पांगावी म्हणून दसक, नांदूर अशा ठिकाणी नवे घाट बांधले. ते आजही तिथेच आहेत.

आणि जे उरतं ते सगळंच चांगलं नसतं, हेही सांगायला हवं. २००३ च्या सिंहस्थाआधी गोदापात्राच्या तळाला काँक्रीट टाकलं गेलं. भाविकांची सोय झाली, पण जुनी कुंडं आणि नदीतले झरे त्याखाली गाडले गेले. तो थर काढण्यासाठी नाशिककरांना पुढे न्यायालयात जावं लागलं.