पापकबुलीची पार्श्वभूमी : जाहीर प्रायश्चित्तापासून जाळीच्या खिडकीपर्यंत

कन्फेशन म्हटले की सिनेमांमुळे लाकडी कपाट, मधली जाळी आणि पलीकडे बसलेले फादर एवढेच डोळ्यांपुढे येते. ते कपाट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे ख्रिस्ती मंडळी पापे कबूल करतच होती, पण रीती निराळ्या होत्या. जुन्या रीतीत काहीतरी बिघडायचे, त्यावर उतारा म्हणून नवी रीत यायची आणि तीही पुढे कुठेतरी अडायची. या सगळ्याच्या मुळाशी एक वाद आहे : पाप म्हणजे मोजता येणारी कृत्ये, की माणसाच्या इच्छेलाच जडलेला रोग?

पहिल्या मंडळीपुढचा पेच साधा होता. बाप्तिस्म्याने आधीची पापे धुतली जातात, यावर एकमत होते. त्यानंतर कोणी खून, व्यभिचार किंवा मूर्तिपूजा केली तर काय करायचे? दुसऱ्या शतकात रोममधल्या हर्मासने उत्तर दिले : आणखी एक संधी, पण एकच. इ.स. 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक टर्टुलियन या संधीचे स्वरूप सांगतो : अंगावर गोणपाट, राख, उपास, मंडळीतल्या धर्मगुरूंच्या पायांवर लोटांगण, बंधुभगिनींपुढे गुडघे टेकून प्रार्थनेची याचना. हाच टर्टुलियन पुढे कडव्या पंथात गेला आणि मोठ्या पापांसाठी ही एक संधीही नाकारू लागला.

खरी परीक्षा 250 मध्ये आली. सम्राट डेशियसने सर्वांना रोमन देवांना बळी देऊन तसा दाखला घ्यायला लावले. काहींनी बळी दिला, काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक परत दारात उभे राहिले. बिशप सिप्रियनच्या पुढाकाराने 251 मध्ये कार्थेजला भरलेल्या परिषदेने दोन्ही प्रकार वेगळे धरले. दाखला विकत घेणाऱ्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचे. बळी देणाऱ्यांना आयुष्यभर प्रायश्चित्त आणि मरणशय्येवरच मंडळीशी समेट. रोमच्या नोव्हेशियनला एवढी सवलतही जास्त वाटली आणि त्याने वेगळी चूल मांडली.

चौथ्या शतकात हे सगळे नियमांत बसले. 325 च्या नायसिया परिषदेचा अकरावा नियम बळजबरी नसताना श्रद्धा सोडणाऱ्यांना बारा वर्षे देतो : तीन वर्षे श्रोत्यांत, सात गुडघे टेकणाऱ्यांत आणि दोन वर्षे प्रार्थनेत सर्वांबरोबर, पण प्रभुभोजनाविना (म्हणजे उपासनेतली भाकर-द्राक्षारस न घेता). कैसरियाच्या बासिलच्या नियमांत जाणूनबुजून केलेल्या खुनाला वीस वर्षे आहेत. पहिली चार वर्षे चर्चच्या दाराबाहेर रडत, आत जाणाऱ्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून विनवायचे. पुढची पाच वर्षे शास्त्रवाचन ऐकून बाहेर पडायचे, सात वर्षे आत गुडघ्यांवर आणि अखेरची चार सर्वांसोबत उभे राहायचे, प्रभुभोजन मात्र घ्यायचे नाही.

या कडकपणाचा परिणाम उलटा झाला. आयुष्यात एकदाच मिळणारी सोय तरुणपणी कोण खर्च करील? शिवाय पश्चिमेकडे प्रायश्चित्त पुरे झाल्यावरही सैन्यात परतणे वर्ज्य होते, लग्नसंसारावर बंधने येत. लोक ते मरणापर्यंत लांबवू लागले. 506 मध्ये गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आग्द इथल्या परिषदेने तर तरुणांना प्रायश्चित्त सहजासहजी देऊ नये, असेच बजावले. म्हणजे पापी माणसाने करायचे काय, हा प्रश्न व्यवहारात पुन्हा मोकळाच राहिला.

दरम्यान उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने पापाची व्याख्याच खोल नेली. त्याचा विरोधक, धर्मशिक्षक पेलेजियस याच्या मते माणूस स्वतःच्या बळावर चांगले निवडू शकतो. ऑगस्टीन म्हणे, आदामापासून इच्छाच वाकलेली आहे. कृपेवाचून ती सरळ होत नाही. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मते फेटाळली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने आदामाचा दोष वारशाने येतो हे त्या अर्थाने कधीच मानले नाही. मृत्यू आणि दुबळेपणा वारशाने येतो, असे ती म्हणते.

व्यवहाराची कोंडी फोडली आयरिश मठवासीयांनी. त्यांच्याकडे कबुली खासगी होती आणि हवी तितक्या वेळा करता येई. 589 मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने अशा वारंवार प्रायश्चित्ताला ‘निंद्य धाडस’ म्हटले. साधारण त्याच सुमारास आयरिश मठवासी कोलंबानस ती प्रथा घेऊन गॉलमध्ये उतरला होता. सोबत आल्या त्या प्रायश्चित्ताच्या वह्या. कोणत्या पापाला किती दिवस वा वर्षे भाकर-पाण्यावर काढायची, पापी धर्मगुरू आहे की संसारी, कृत्य ठरवून केले की रागाच्या भरात, सगळ्याचे वेगळे दर. घोळ झाला तो बदलीच्या सोयीने. उपासाऐवजी स्तोत्रे, स्तोत्रांऐवजी दान, आणि ऐपतदारासाठी उपास करायला दुसरा माणूस. 813 मध्ये शालोंच्या परिषदेने या वह्यांवर शेरा मारला : यांतल्या चुका पक्क्या, लेखक बेपत्ता. तरी खासगी कबुली टिकली. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा ती बंधनकारक केली, आणि ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्त ठेवले.

दर ठरले की हिशेब आलाच. पापाची क्षमा झाली तरी त्याची ऐहिक शिक्षा उरते आणि चर्च ती माफ करू शकते, या कल्पनेवर दंडमाफीची पत्रे उभी राहिली. 1476 मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी ती मेलेल्यांनाही लागू केली. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा होता : विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असावे. मात्र ल्यूथरने कबुली मोडीत काढली हा गैरसमज आहे. 1530चा आउग्सबुर्ग कबुलीजबाब, म्हणजे ल्यूथरपंथीयांचे श्रद्धानिवेदन, खासगी पापमुक्ती राखा असे म्हणतो. सगळी पापे मोजून सांगण्याची अट तेवढी नको, कारण बायबलमधले स्तोत्रच विचारते, ‘आपल्या चुका कोणाला कळतात?’ रोग मानला तर लक्षणांची यादी कधीच पुरी होणार नाही, हा त्यामागचा विचार. 

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1551 मध्ये उलट बाजू पक्की केली : गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगायलाच हवीत. मिलानचे आर्चबिशप बोरोमिओ यांच्या 1577च्या सूचनांत कन्फेशनच्या कपाटाचे बांधकामही येते, मधे बारीक भोकांचा पत्रा आणि पातळ कापड. स्त्रियांची कबुली ऐकताना संशयाला जागा राहू नये म्हणून. गोव्यात याच कबुलीला कुमसार म्हणतात. प्रकार आणि संख्या ऐकायची तर फादरला लोकांची बोली यायलाच हवी. इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्सचे कोकणी व्याकरण 1640 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले, त्यामागे ही गरजही होती. प्रोटेस्टंटांतही उघड कबुली अधूनमधून उसळते. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करत होत्या.

आजची कॅथलिक रीत 1973च्या विधीवर चालते. आधी विवेकतपासणी, मग खेद, निवेदन, फादरांकडून पापमुक्ती आणि दिलेले प्रायश्चित्त पुरे करणे. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. गडबड इथेच होते. कोणी सासू-सुनेची पापे सांगतो, कोणी ‘जरा रागावलो’ म्हणून मोघम उरकतो. एखादे गंभीर पाप मुद्दाम लपवले तर सगळी कबुली फोल. खरोखर विसरले असेल तर तेही माफ झालेले असते, आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचे. चोरलेला पैसा परत करण्याची जबाबदारी पापमुक्तीने सुटत नाही. उलट टोकाला क्षुल्लक गोष्ट दर आठवड्याला उगाळणारे भित्रे मन असते. त्याने कबुली ऐकणारा एकच फादर धरावा आणि त्याचे ऐकावे, हा जुना सल्ला.

फोनवर कन्फेशन होत नाही. मार्च 2020 मध्ये साथीमुळे चर्चेस बंद होती, तेव्हा व्हॅटिकनने दोन वाटा दाखवल्या : अतिगरजेत सामूहिक पापमुक्ती, किंवा देवावरच्या प्रेमापोटी पूर्ण खेद आणि शक्य होताच फादरकडे जाण्याचा निश्चय. दोन्हींत गंभीर पाप नंतर एकेकट्याने सांगणे राहतेच.