दयामरण (शेल्टरमधल्या प्राण्यांचं)

शेल्टरमधल्या किंवा रस्त्यावरच्या प्राण्याला डॉक्टरने औषध देऊन मरण देणं म्हणजे दयामरण. पण हा शब्द पेपरात आणि अर्जावर दिसतो, बोलताना सहसा कोणी वापरत नाही. नाशिकमध्ये प्राण्यांचं काम करणाऱ्यांच्या तोंडी 'झोपवलं', 'इंजेक्शन दिलं', 'सोडवलं त्याला' असतं, आणि ज्यांच्या गल्लीत कुत्र्यांचा त्रास आहे ते सरळ 'बंदोबस्त करा' म्हणतात. मरण तेच, पण कोणासाठी दिलं ते प्रत्येक शब्दात वेगळं निघतं, म्हणून इथे शब्दांबद्दलच लिहितोय.

दयामरण आणि इच्छामरण यांची गल्लत फार होते. मुंबईच्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं अचेत पडून राहिलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमुळे (सुप्रीम कोर्टाचा निकाल, मार्च २०११) दोन्ही शब्द घरोघरी पोचले आणि तेव्हापासून लोक कुठलाही कुठेही लावतात. प्राण्याला इच्छा विचारता येत नाही, त्यामुळे इच्छामरण इथे चुकीचंच. दयामरण बरोबर, पण दया असेल तरच. जागा नाही, खर्च झेपत नाही, कोणी दत्तक घेत नाही म्हणून धडधाकट जनावर संपवलं तर तिथे 'मारलं' असंच लिहायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

'झोपवलं' हा शब्द अगदीच खोटा नाही, कारण भुलीच्याच जातीचं औषध मोठ्या डोसमध्ये देतात, आधी शुद्ध जाते आणि मग श्वास आणि हृदय थांबतं. आग्रा हायवेवर नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गाडीखाली आलेलं एक कुत्रं होतं, मणका तुटलेला, मागचे पाय फरफटत आलेलं, जखमेत किडे पडलेले, डॉक्टरांनी पुढच्या पायाची शीर धरली आणि बघता बघता त्याची मान माझ्या मांडीवर आली, मग त्यांनी स्टेथोस्कोप लावून दोनदा तपासलं. शेजारी उभे असलेले काका एवढंच म्हणाले, "सुटला रे." मला तोच शब्द अजून सगळ्यात खरा वाटतो.

अमेरिकेत भांडण 'नो-किल' या शब्दावरून आहे. ऐकायला वाटतं तिथे एकही प्राणी मारत नाहीत, पण साधारण ९० टक्के प्राणी जिवंत बाहेर पडले की शेल्टरला नो-किल म्हणायची तिकडे पद्धत आहे. त्यात जे दारातच म्हातारे आणि आजारी प्राणी नाकारतात त्यांचा आकडा आपोआप चांगला दिसतो आणि येईल त्याला आत घेणाऱ्यांच्या कपाळी 'किल शेल्टर' बसतं, हे मला अन्यायाचं वाटतं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला बऱ्याच संस्थांनी मिळून वर्ग ठरवले: निरोगी, बरे होण्यासारखे, औषधावर सांभाळता येणारे, आणि उपचारच नसलेले. म्हणजे नुसते किती मेले ते नाही, कुठल्या वर्गातले मेले ते सांगायचं.

आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भटक्या कुत्र्यांसाठी 'नष्ट करणे' अशा अर्थाचा शब्द आहे, जसा जप्त केलेल्या मालाला वापरतात. २००१ च्या नसबंदीच्या नियमांत भाषा बदलली: असाध्य आजारी किंवा मरणाच्या दारातल्या जखमी कुत्र्यालाच दयामरण, तेही पात्र डॉक्टरकडून, आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. पिसाळल्याचा दाट संशय असेल तर वेगळं ठेवायचं, मारायचं नाही. २०२३ च्या नियमांत तर भटक्या कुत्र्याला समाजातला प्राणी म्हटलंय. गल्लीत मात्र अजून 'मोकाट'च म्हणतात.

नाशिकला पांजरपोळ आहे आणि त्या शब्दातच शेवटपर्यंत सांभाळणं आलं, त्यामुळे तिथल्या संस्कारात वाढलेल्या माणसाला इंजेक्शन हा शब्दसुद्धा जड जातो. हा वादही जुना आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टर बोलावून इंजेक्शन द्यायला लावलं आणि त्याला अहिंसाच म्हटलं, तेव्हा केवढी टीका झाली.

मी जात होतो त्या शेल्टरच्या रजिस्टरात शेवटच्या रकान्यात फक्त 'मयत' असायचं, आपोआप गेला तरी आणि इंजेक्शनने गेला तरी. द्वारकेच्या कुत्र्यासमोरही तेच लिहिलं होतं, मी तिथेच खाली पेनने जोडलं: मणका तुटलेला, इंजेक्शन दिलं.