इमारतीच्या डिजिटल मॉडेलमधील वीजवितरण व्यवस्था : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इमारतीचे विद्युत मॉडेल करून घेऊ इच्छिणारे वास्तुविशारद, विकासक आणि विद्युत ठेकेदार यांचे पहिले प्रश्न बहुधा जागेविषयी असतात : पॅनेल कोठे बसेल, केबल ट्रे छताखालून कसा जाईल, एखादा दिवा एअर कंडिशनिंगच्या डक्टला आडवा येईल का. हे प्रश्न रास्त आहेत आणि मॉडेल त्यांची उत्तरे देतेच. परंतु रेव्हिटसारख्या, इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वीजवितरणाचे मॉडेल उभे करताना बरेचसे काम अशा गोष्टींवर होते, ज्या पडद्यावर दिसत नाहीत. कोणते उपपॅनेल कोणत्या मुख्य पॅनेलवरून पुरवठा घेते, कोणता दिवा कोणत्या सर्किटवर आहे आणि ते सर्किट कोणत्या फेजवर आहे, ही नाती मॉडेलमध्ये नोंदवलेली नसतील, तर विद्युत कक्षात अगदी नेमक्या जागी ठेवलेले पॅनेलसुद्धा एक रिकामी पेटीच असते. आम्ही नेमके काय करतो, त्यासाठी आपल्याकडून काय लागते आणि मॉडेलकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, हे या पत्रकात सांगितले आहे.

पुरवठ्याची उतरंड

ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल, मजल्यांची उपपॅनेल आणि शेवटची डीबी (वितरण पेटी) अशी पुरवठ्याची उतरंड असते व मॉडेल याच क्रमाने, वरून खाली, बांधावे लागते. प्रत्येक पॅनेलला आधी एक वितरण प्रणाली नेमून द्यावी लागते. पुरवठा सिंगल फेज आहे की थ्री फेज, जोडणी स्टार आहे की डेल्टा, तारा किती आहेत, दोन फेजमधील व्होल्टेज किती आणि फेज व न्यूट्रल यांमधील किती, एवढी माहिती या नेमणुकीत असते. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत दुय्यम बाजूची प्रणाली वेगळी सांगावी लागते. पॅनेलला प्रणाली दिलेली नसेल तर सॉफ्टवेअर त्यावर सर्किट घेऊ देत नाही. आणि एका अर्थी ते चांगलेच आहे, कारण अर्धवट नोंदीवर चढवलेली सर्किटे पुढे निस्तरणे फार जिकिरीचे होते.

व्होल्टेजच्या नोंदीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून आलेली मॉडेले तपासताना पहिला अडथळा बहुधा येथेच आढळतो. जगाच्या मोठ्या भागात २३०/४०० व्होल्टची प्रणाली प्रचलित आहे, तर उत्तर अमेरिकेत १२०/२०८ आणि २७७/४८० व्होल्टच्या प्रणाली सर्रास वापरल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्होल्टेजला एक मूळ आकडा आणि त्याची किमान व कमाल मर्यादा द्यायची असते. उपकरणाच्या कनेक्टरवरील (मॉडेलमधील विद्युत जोडणीच्या बिंदूवरील) व्होल्टेज त्या मर्यादेत बसले, तरच जोडणीच्या यादीत संबंधित पॅनेलचे नाव दिसते. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या दिव्याच्या फॅमिलीत (त्या वस्तूच्या तयार डिजिटल नमुन्यात) २७७ व्होल्टची नोंद असेल, तर २३०/४०० व्होल्टच्या पॅनेलवर तो दिवा कितीही प्रयत्न केला तरी जोडला जात नाही. अशा वेळी पॅनेलची मर्यादा २७७ पर्यंत ताणून काम भागवण्याचा मोह होतो. आम्ही तसे करत नाही. मर्यादा एकदा सैल केली की चुकीचे प्रत्येक उपकरण त्यातून निमूटपणे आत येते आणि चूक दाखवणारी एकमेव खूण नाहीशी होते. म्हणून फॅमिलीतील नोंदच दुरुस्त केली जाते. त्यासाठी उपकरणाचा खरा तांत्रिक तक्ता आपल्याकडून मिळणे गरजेचे असते.

जोडलेला लोड आणि अपेक्षित मागणी

उतरंड बरोबर असेल तर शेवटच्या सॉकेटचा लोड वर चढत मुख्य पॅनेलपर्यंत आपोआप पोहोचतो. मात्र सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नसल्यामुळे केवळ बेरीज घेऊन केबल किंवा ट्रान्सफॉर्मर निवडणे योग्य नव्हे. यासाठी प्रत्येक कनेक्टरला लोडचा प्रकार दिला जातो : प्रकाशयोजना, सॉकेट, मोटर, वातानुकूलन इत्यादी. त्या प्रकाराला डिमांड फॅक्टर, म्हणजे जोडलेल्या लोडपैकी किती भाग प्रत्यक्ष मागणी धरायचा याचे प्रमाण, जोडलेला असतो. हा फॅक्टर सरसकट एकच असू शकतो, उपकरणांच्या संख्येनुसार बदलू शकतो किंवा लोडच्या टप्प्यांनुसार ठरू शकतो.

टप्प्यांच्या पद्धतीत एक गोष्ट ग्राहकांना हमखास खटकते, म्हणून तिचा हिशेब येथेच देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत निवासी नसलेल्या इमारतींतील सॉकेटसाठी पहिले १० केव्हीए (विद्युत लोडचे एकक) पूर्ण आणि उरलेला लोड ५० टक्के धरण्याची मुभा आहे. समजा, चार उपपॅनेलांवर सॉकेटचा प्रत्येकी १० केव्हीए लोड आहे. प्रत्येक उपपॅनेलच्या तक्त्यात मागणी १० केव्हीए दिसेल. मुख्य पॅनेलवर मात्र एकूण ४० पैकी पहिले १० पूर्ण आणि उरलेल्या ३० चे निम्मे, म्हणजे एकूण २५ केव्हीए दिसतील. चार तक्त्यांची बेरीज ४० आणि मुख्य तक्ता २५ दाखवतो, म्हणून मॉडेल चुकले असे समजू नये. प्रत्येक पातळीवरील मागणी खालच्या मागण्या मिळवून काढली जात नाही, तर त्या पातळीवर जोडलेल्या एकूण लोडवरून नव्याने काढली जाते. डिमांड फॅक्टर कोणत्या संहितेनुसार धरायचे, हा निर्णय आपल्या विद्युत सल्लागाराचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेले आकडे आपल्या प्रकल्पाला लागू असतीलच असे नाही, त्यामुळे लेखी सूचना मिळाल्याशिवाय आम्ही ते गृहीत धरत नाही.

मागणीचा आकडा निश्चित झाला की प्रवाह काढणे सोपे असते. थ्री फेज ४०० व्होल्टवर १०० केव्हीए म्हणजे प्रत्येक फेजमध्ये सुमारे १४४ अँपिअर. हा आकडा तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तेव्हाचा आहे. सिंगल फेजची सर्किटे एकाच फेजवर गोळा झाली, तर त्या फेजचा प्रवाह वाढतो आणि न्यूट्रलमधूनही वाहू लागतो. सॉफ्टवेअरमध्ये लोड समतोल करण्याची आज्ञा आहे. ती सर्किटांच्या जागा बदलून तिन्ही फेज शक्य तितक्या जवळ आणते. आरेखनाच्या काळात ती मोकळेपणाने वापरावी. परंतु पॅनेल तयार होऊन त्यावर सर्किट क्रमांकांच्या पट्ट्या लागल्यानंतर ती चालवली, तर मॉडेलमधील क्रमांक आणि प्रत्यक्ष पट्ट्या यांची फारकत होते. त्यामुळे पॅनेल कारखान्यात गेल्याचे आपण कळवताच आम्ही त्या पॅनेलच्या सर्किटांचा क्रम कायम करतो.

केबलची लांबी

केबलच्या लांबीचा आकडा मॉडेल देते खरे, पण तो डोळे झाकून घेण्यासारखा नाही. सर्किटचा मार्ग आखून दिलेला नसेल तर सॉफ्टवेअर पॅनेलपासून उपकरणांपर्यंतचे अंतर काटकोनी रेषांनी मोजते. प्रत्यक्ष केबल मात्र आधी शाफ्टकडे (मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या पोकळीकडे) जाते, ट्रेमधून वळसा घेते आणि मग खाली उतरते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.४१ ओहम असतो. १० अँपिअरचे २३० व्होल्टचे सिंगल फेज सर्किट ४० मीटर लांब धरले, तर जाणारी व परतणारी तार मिळून व्होल्टेज ड्रॉप (तारेत होणारी व्होल्टेजची घट) सुमारे ५.९ व्होल्ट, म्हणजे २.६ टक्के येतो. त्याच सर्किटची खरी लांबी ५५ मीटर निघाली, तर ड्रॉप सुमारे ८.२ व्होल्ट, म्हणजे ३.५ टक्क्यांवर जातो. आणि लोडखाली तार तापली की रोध वाढून तो आणखी चढतो. सार्वजनिक कमी दाबाच्या जाळ्यावरून पुरवठा घेणाऱ्या इमारतीसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या केबलविषयक भागात प्रकाशयोजनेसाठी ३ टक्के आणि इतर वापरासाठी ५ टक्के ड्रॉप सुचवलेला आहे. वरील सर्किट दिव्यांचे असेल, तर कागदावर उत्तीर्ण आणि जागेवर अनुत्तीर्ण अशी त्याची अवस्था होईल. म्हणूनच फीडर (पॅनेलांना पुरवठा करणाऱ्या मुख्य केबल) आणि लांबची सर्किटे यांचे मार्ग आम्ही ट्रे व शाफ्टच्या जागेनुसार हाताने आखतो. जवळच्या सर्किटांसाठी एवढे कष्ट घेण्याची गरज नसते.

येथेच आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. रेव्हिटमधील केबल ट्रे आणि कंड्युइट (तारा नेणाऱ्या नळ्या) या जागा व्यापणाऱ्या वस्तू आहेत. त्यांतून कोणती सर्किटे जातात, याची नोंद त्यांच्यात आपोआप होत नाही. नकाशावर दिसणाऱ्या तारांच्या रेषाही त्या त्या दृश्यापुरत्या असतात. ट्रे किती भरला हे हवे असल्यास ते वेगळे काम आहे आणि ते आधी ठरवून घ्यावे.

दोन पुरवठे आणि मॉडेलबाहेरची गणिते

जनरेटर किंवा यूपीएस असलेल्या इमारतीत एकाच पॅनेलला दोन ठिकाणांहून पुरवठा मिळू शकतो. सर्किट जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पॅनेलला वरचा पुरवठा एकच देता येतो. त्यामुळे चेंजओव्हर स्विच (एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा स्विच) नेहमीच्या पुरवठ्याखाली जोडला जातो आणि जनरेटरवरील भार वेगळ्या युक्तीने किंवा वेगळ्या तक्त्यात दाखवावा लागतो. कोणती युक्ती वापरली, याची टीप आम्ही तक्त्यावरच देतो, कारण ती ठाऊक नसलेल्या माणसाला तोच लोड दोनदा मोजलेला वाटू शकतो.

शॉर्ट सर्किटच्या प्रवाहाचे विश्लेषण, ब्रेकरांचा परस्पर समन्वय आणि आर्क फ्लॅशचा (दोषाच्या वेळी उडणाऱ्या विद्युत ज्वालेच्या धोक्याचा) अभ्यास यांसाठी हे मॉडेल पुरेसे नाही. ती कामे ईटॅपसारख्या खास सॉफ्टवेअरमध्ये, पात्र अभियंत्याकडून करून घ्यावी लागतात. मॉडेलमधून त्यांना उपकरणांची यादी, लोड आणि केबलच्या लांबी पुरवता येतात, आणि अभ्यासातून आलेली ब्रेकरची क्षमता पुन्हा मॉडेलमध्ये नोंदवता येते. ब्रेकरचा आकडा तक्त्यात छापलेला आहे, एवढ्यावरून तो तपासलेला आहे असा अर्थ कृपया काढू नये.

आपल्याकडून काय लागते

काम सुरू करण्यापूर्वी पुरवठ्याचे व्होल्टेज व जोडणी, सल्लागाराने मान्य केलेला सिंगल लाइन डायग्राम (पुरवठ्याची उतरंड एकेरी रेषांनी दाखवणारी आकृती), डिमांड फॅक्टरांचा तक्ता, मोठ्या यंत्रांचे किलोवॅट व पॉवर फॅक्टर आणि वास्तुरचनेचे ताजे मॉडेल मिळावे. यांपैकी सिंगल लाइन डायग्राम नसेल तर काम सुरू करण्यापेक्षा थांबणे आम्हाला अधिक योग्य वाटते. उतरंड अंदाजाने बांधून नंतर उलटवण्यात दोघांचाही वेळ जातो. पॅनेलांची नावे मात्र नंतर बदलली तरी चालतात, सर्किटांच्या नोंदी नव्या नावासह आपोआप अद्ययावत होतात.

वास्तुरचनेचे मॉडेल बदलले की ते कळवणे विशेष महत्त्वाचे आहे. दिवे बहुधा जोडलेल्या मॉडेलमधील फॉल्स सीलिंगच्या पृष्ठभागावर टेकवलेले असतात. वास्तुविशारदाने जुने सीलिंग सरकवण्याऐवजी पुसून नवे काढले, तर दिव्यांचा आधार सुटतो आणि ते पूर्वीच्याच उंचीवर राहतात. सर्किट तुटत नाही, तक्त्यातही काही फरक दिसत नाही, त्यामुळे हा दोष सहज लक्षात येत नाही; आधार सुटल्याची सूचना दुर्लक्षित राहिली, तर तो छेददृश्यात किंवा क्लॅश तपासणीत (वस्तू एकमेकींना आडव्या येतात का, या तपासणीत) सापडतो. पॅनेलसमोर दार उघडून काम करण्यासाठी लागणारी मोकळी जागाही आम्ही अदृश्य घनाकृती म्हणून मॉडेलमध्ये ठेवतो, म्हणजे तेथे पाण्याचा पाइप किंवा डक्ट आल्यास तपासणीत तो लगेच पकडला जातो.

काम पूर्ण झाल्यावर आपल्याला मूळ मॉडेल, पॅनेलांचे तक्ते, मजलानिहाय नकाशे आणि मागणी असल्यास आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याचे खुले स्वरूप) स्वरूपातील प्रत दिली जाते. आयएफसी प्रतीत पॅनेल व दिवे वस्तू म्हणून येतात, परंतु लोडचे हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे चालू राहत नाहीत. त्यामुळे पुढील फेरबदल ज्यांच्याकडून करून घ्यायचे असतील, त्यांना मूळ मॉडेलच द्यावे आणि ते कोणत्या आवृत्तीत आहे हेही सांगावे, कारण नव्या आवृत्तीत साठवलेले रेव्हिट मॉडेल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.