कॉर्टेस बँक : बुडालेलं खडप आणि तिथली शेवंड

कॉर्टेस बँक म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून खूप आत, पॅसिफिक महासागरात बुडालेलं एक लांबलचक खडप. सॅन दिएगोच्या पॉइंट लोमापासून पश्चिमेला अंदाजे १८० किलोमीटर, सगळ्यात जवळचं बेट सॅन क्लेमेंटे आणि तेही पंचाहत्तरेक किलोमीटरवर, म्हणजे बोटीतून उठून बघितलं तर चारही बाजूंना नुसतं पाणी. आपल्याकडे विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, साधारण तसलाच प्रकार. फक्त आंग्रियाचा माथा वीसेक मीटर खाली आहे आणि त्यावर प्रवाळ आहे, कॉर्टेसचं सगळ्यात उंच टोक मात्र, ज्याला बिशप रॉक म्हणतात, ते ओहोटीला पाण्याखाली जेमतेम एक-दोन मीटर असतं. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती तेव्हा हे चक्क बेट होतं.

दोन्ही नावं जहाजांवरून पडली. कॉर्टेस नावाच्या आगबोटीच्या कप्तानाने १८५३ मध्ये ही जागा कळवली आणि दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, बिशप नावाचं शिडाचं जहाज त्या टोकावर घासलं. नकाशावर आल्यावर तरी लोक जपून जातील असं वाटतं, पण २ नोव्हेंबर १९८५ ला अमेरिकन नौदलाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका एंटरप्राइझ, तीसुद्धा इथेच आपटली आणि तळाला भलीमोठी चीर घेऊन गेली. आता तिथे एक बोया, म्हणजे धोका दाखवणारा तरंगता पिंप, आहे, आणि बोयावर बहुतेक वेळा सी लायन झोपलेले असतात.

एवढ्या लांब, रात्रभर बोट हाकत डायव्हर, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारणारे लोक, जातात कशाला, तर खाणं. खोलातलं थंड पाणी या उंचवट्याला येऊन धडकतं आणि वर चढतं, त्याबरोबर खत वर येतं, मग केल्प नावाचं जंगलासारखं वाढणारं समुद्री शेवाळ, त्यावर जगणारे समुद्री गोगलगायीसारखे प्राणी, त्यांना खाणारे मासे, अशी सगळी साखळी तिथेच उभी राहते. किनाऱ्यालगत पावसाचं गढूळ पाणी आणि गटारं असतात, इथे त्यातलं काही नाही, म्हणून चांगल्या दिवशी २५-३० मीटरपर्यंत आरपार दिसतं. पाणी मात्र थंडगार. मालवणला नुसत्या टीशर्टवर पाण्यात उतरलेल्याने इथे ७ मिलिमीटरचा वेटसूट किंवा ड्रायसूट घातल्याशिवाय पाय टाकू नये.

ट्रिप असते ती लाइव्हअबोर्ड, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या बोटीची. संध्याकाळी सॅन दिएगो किंवा सॅन पेद्रोहून निघायचं, खाली बंकवर झोपायचं (झोप लागली तर), सकाळी खडपावर नांगर टाकायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये सांताक्रूझ बेटाजवळ कन्सेप्शन नावाच्या अशाच एका बोटीला रात्री आग लागून खाली झोपलेली ३४ माणसं गेली, तेव्हापासून रात्री जागा पहारेकरी आहे का आणि बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे हे शहाणी माणसं बोटीवर चढल्या चढल्या विचारून घेतात.

आता शेवंड. अमेरिकेत लॉबस्टर म्हटलं की लोकांना मेन राज्यातला, मोठ्या नांग्यांचा आठवतो, पण कॅलिफोर्नियाचा तो नव्हेच. हा पॅन्युलिरस इंटरप्टस, बिननांग्यांचा, लांब काटेरी मिशांचा, म्हणजे आपली रत्नागिरी-मालवणची शेवंड आहे तिचाच सख्खा भाऊ, एकाच प्रजातीगटातला. दिवसा कपारीत बसून नुसत्या मिशा बाहेर काढतो, अंधार पडला की चरायला उघड्यावर येतो, म्हणून शेवंडीचं डायव्हिंग खरं रात्रीचं.

आणि डायव्हरला तो पकडायचा फक्त हाताने. गळ नाही, भाला नाही, आकडा नाही, काठीने टोचून बाहेर काढणं पण नाही. पिंजऱ्यासारखी रिंगची जाळी बोटीवरून सोडणाऱ्यांचा कायदा वेगळा, पण पाण्यात उतरलेल्या माणसाकडे हातमोजा आणि टॉर्च, बस. ऐकायला सोपं वाटतं. टॉर्चचा झोत सरळ डोळ्यावर गेला की तो सावध होतो, मग कडेकडेने उजेड टाकत वरून हात न्यायचा, आणि ज्या क्षणी ठरवलं त्या क्षणी पूर्ण जोराने पाठीवर दाबून खडकाला चिकटवायचा. अर्धवट हात घातला की शेपटीचा एक फटका मारून तो उलटा मागे सुटतो, आणि मागे म्हणजे इतक्या वेगाने की तुम्हाला फक्त वाळूचा ढग दिसतो. नवशिके मिशी धरतात, मिशी तुटून हातात राहते, शेवंड गेलेली असते. हातात नीट आली की मिशांच्या मुळाशी घासून करकर आवाज करते, तो पाण्याखालीही ऐकू येतो. मग माप. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत सव्वातीन इंच, म्हणजे सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि माप पाण्यातच घ्यायचं, छोटी शेवंड बोटीवर चढवायचीच नाही. एवढं व्हायला त्या जनावराला सात ते अकरा वर्षं लागतात, त्यामुळे मापाच्या पट्टीवर केसभर कमी पडली तरी सोडणं बरोबरच आहे, कितीही जीव जळला तरी. पिशवीत घालताना शेपटीकडून घालायची, कारण पळताना ती मागेच पळणार, म्हणजे पिशवीच्या तळाकडे.

रोजची मर्यादा माणशी ७. सीझन ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमका हिवाळ्यातला, जेव्हा उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांचा स्वेल, म्हणजे लांबून चालत आलेल्या मोठ्या लाटा, थेट या खडपावर येऊन फुटतो. कॉर्टेसची ही दुसरी ओळख, मोठ्या लाटांची. सर्फर माइक पार्सन्सने २००१ मध्ये इथे ६६ फुटी आणि २००८ मध्ये ७७ फुटी लाट घेतली. डायव्हरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वर लाट दिसत नसली तरी खाली पाणी पुढे-मागे झोके देत असतं, कपारीत हात घातलेला माणूस तीन मीटर मागे खेचला जातो आणि परत त्याच खडकावर आणून आपटला जातो. शेवंडीच्या नादात हवा किती उरली ते बघायचं राहून जातं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जीवघेणं दुखणं आहे, सीझन उघडला की किनाऱ्याजवळसुद्धा डायव्हर दगावल्याच्या बातम्या येतात, आणि इथे तर हॉस्पिटल तासन्‌तास लांब.

शेवंडीनंतर मान रॉक स्कॅलपचा. हा शिंपला लहानपणी पोहतो, मग खडकाला एकदा चिकटला की जन्मभर तिथेच, वर एवढं शेवाळ आणि स्पंज वाढतं की दगडच वाटतो, फक्त तोंड उघडं असेल तेव्हा नारिंगी कड चमकते. कालवं काढणाऱ्याला हे काम लगेच समजेल, चपटी लोखंडी पट्टी आत सारायची आणि उचकटायची, मिटायच्या आत. माणशी १०. खायचा तो फक्त आतला पांढरा स्नायू, बाकीचं टाकायचं, कारण विषारी शेवाळाचं विष त्याच बाकीच्या भागात साठतं.

तिसरा माल होता अ‍ॅबलोनी, म्हणजे ताटलीएवढं एकच कवच असलेली समुद्री गोगलगाय. होता म्हणायचं कारण १९९७ पासून दक्षिण कॅलिफोर्नियात ती काढायला पूर्ण बंदी आहे. पांढरी अ‍ॅबलोनी खोल पाण्यातली, कॉर्टेस आणि शेजारची टॅनर बँक हे तिचं मोठं घर, सत्तरच्या दशकात डायव्हरांनी एवढी उपसली की साधारण ९९ टक्के संपली, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत जाणारी ती पहिली बिनकण्याची समुद्री प्रजाती ठरली. बंदी आली तरी सहज वाढ होत नाही, कारण नर-मादी अंडी आणि वीर्य नुसतं पाण्यात सोडतात, दोघं जवळजवळ नसतील तर ते वाहून फुकट जातं.

या अ‍ॅबलोनीपायी १९६६ मध्ये जे झालं ते या नोंदीतलं सगळ्यात अचाट. गोल्फर आणि नट जो कर्कवुड ज्युनियर आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं की बिशप रॉकवर एक जुनं काँक्रीटचं मालवाहू जहाज बुडवायचं, भोवती दगड टाकून बेट करायचं, तिथे अ‍ॅबलोनी आणि शेवंडीचा कारखाना काढायचा आणि वर स्वतंत्र देश जाहीर करायचा, नाव अ‍ॅबलोनिया. हालिस्को नावाचं सुमारे ११० मीटरचं जहाज ओढून आणलंही. मग स्वेल आला, जहाज भलत्याच जागी टेकलं आणि लाटांनी ते फोडायला घेतलं, वरच्या माणसांना कसंबसं वाचवलं. नंतर अमेरिकन सरकारने सांगितलं की हा समुद्रतळ आमच्याच अखत्यारीतला आहे, पण तोपर्यंत देश बुडालेला होता. काँक्रीटचे तुकडे अजून खाली आहेत आणि तिथे नांगर टाकणाऱ्याला त्रासच देतात.

खडप राज्याच्या हद्दीबाहेर असलं तरी माल शेवटी कॅलिफोर्नियाच्याच बंदरात उतरतो, म्हणून नियम राज्याचे. शेवंड शिजवायला घेईपर्यंत अख्खीच ठेवायची, शेपूट तोडून आइसबॉक्समध्ये भरायची नाही, नाहीतर मापणार कशी. लायसन्स तर लागतंच, वर शेवंडीचं एक वेगळं कार्ड असतं, त्यावर तारीख, जागेचा कोड आणि किती ठेवल्या ते भरायचं आणि ३० एप्रिलपर्यंत परत कळवायचं. सीझनभर एकही मिळाली नाही तरी कळवावंच लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी कार्ड घेताना जास्तीची फी.